घटस्फोटानंतर सावत्र मुलाचा खर्च द्यावा लागतो का?

तुम्ही विचारलंय की घटस्फोट झाल्यावर बायकोला किती द्यायचं आणि तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाचं काय. बायकोचं ठरीव नसतं, दोघांची कमाई, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कोणाकडे, असं सगळं बघतात, त्यामुळे व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये फिरणारे टक्के विसरा.

मुलाचं म्हणाल तर, रीतसर दत्तक घेतलंय का? घेतलं असेल तर विषय संपला, तो तुमचाच, घटस्फोट बायकोशी होतो. नसेल तर देशावर आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. भारतात पोटगीच्या कलमात (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) औरस-अनौरस मुलं आहेत, सावत्र हा शब्दच नाही. कॅनडात उलटं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय की एकदा बाप म्हणून वागलात की लग्न मोडलं म्हणून परस्पर हात झटकता येत नाहीत.

आता माझं ऐका. लग्न झालं तेव्हा नवऱ्याची मुलगी ९ वर्षांची होती, मला मावशी म्हणायची. तिच्या एज्युकेशन लोनला सहकर्जदार म्हणून मी सही केली, कारण त्याच्या डोक्यावर आधीच दोन कर्जं होती. पुढे आमचं फाटलं. म्युच्युअलच्या, म्हणजे संमतीने झालेल्या घटस्फोटाच्या कागदात घर, दागिने, गाडी सगळं आलं, लोन कोणाच्या लक्षातच आलं नाही (वकिलाच्या पण!). हप्ते सुरू झाले आणि फोन मला. म्हटलं, अहो माझा घटस्फोट झालाय. तर पलीकडचा शांतपणे म्हणतो, मॅडम, सही तुमचीच आहे ना?

१४ हप्ते भरले मी. नवरा म्हणे तू तुझ्या मनाने सही केलीस. भाऊ अजून विचारतो, तुझी कोण लागते ती? अरे, रात्र रात्र तिचा अभ्यास घेत होते तेव्हा नाही विचारलंस. आणि मनाने केलं म्हणजे फुकट केलं असं कोणी सांगितलं? नोकरी लागल्यावर पोरीने स्वतःहून पैसे परत दिले, बापाने नाही. आणि मी घेतले, का नको घेऊ?

तर कायदा काही म्हणो, कुठे कुठे सही केलीय ते आधी काढा. मी वकील नाही, कागद एखाद्या वकिलाला दाखवाच. आणि विम्याचा नॉमिनी पण बघा, माझ्या पॉलिसीवर दोन वर्षं नवऱ्याचंच नाव होतं.