आधी अक्षर, मग सॉफ्टवेअर : ग्राफिक डिझाइन शिकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बचत गटातर्फे आम्ही कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि नाचणीचे पापड विकतो. लेबले आजवर तालुक्याच्या गावातील दुकानातून करून घेतली. परंतु किरकोळ बदलासाठीही खेप घालावी लागते आणि लेबल मनासारखे होत नाही. हे काम स्वतः शिकावे असे वाटते. फोटोशॉप, कोरल आणि इलस्ट्रेटर यांपैकी कशापासून सुरुवात करावी? मला चित्र काढता येत नाही. तरीही हे जमेल का? – एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या शंकेपायी अनेक जण या विषयाच्या वाटेलाच जात नाहीत. चित्रकला येत असेल तर मदत होते, पण ग्राफिक डिझाइनचे मुख्य काम मांडणीचे आहे : कोणता मजकूर आधी दिसावा, कोणता नंतर, काय शेजारी असावे आणि कोठे मोकळी जागा सोडावी, हे ठरवण्याचे. रुपयाचे चिन्ह आठवून पाहा. डी. उदयकुमार यांनी केलेले आणि जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेले हे चिन्ह म्हणजे देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ असून, त्यातील वरच्या आडव्या रेषेत आपल्याला शिरोरेखा भेटते. त्यात नक्षी नाही, छायाप्रकाश नाही. मोजक्या रेषा आहेत आणि त्या कोठे ठेवायच्या याचा विचार आहे. असा विचार सरावाने साधतो.

आता लेबलाकडे वळू. संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत लेबलावरचा सगळा मजकूर लिहून काढा : पदार्थाचे नाव, गटाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, घटक पदार्थ, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतील हिरव्या ठिपक्याचे शाकाहारी चिन्ह. कायद्याने आवश्यक असलेला तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत द्यावा लागतो आणि त्याच्या जोडीला मराठी देता येते, त्यामुळे दोन भाषांची जागा आरंभीच धरून चाला. काही मजकुराच्या अक्षरांची किमान उंचीही नियमांत ठरलेली आहे. तो तपशील छपाईपूर्वी जरूर तपासावा.

एवढा मजकूर सारख्याच ठळकपणे छापला तर गिऱ्हाईक काहीच वाचत नाही. घरगुती उत्पादनांची जी लेबले माझ्या पाहण्यात येतात, त्यांपैकी बहुतेकांवर गटाचे नाव, देवाचे चित्र, फुलांची वेल आणि पदार्थाचे नाव एकाच मापात एकमेकांना रेटत उभी असतात, आणि उत्तम मसाला केवळ त्यामुळे दुकानाच्या फळीवर मागे राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून वहीतील यादीला क्रमांक द्या. पहिला क्रमांक फक्त एकाच गोष्टीला मिळेल. आपल्या बाबतीत तो ‘कांदा-लसूण मसाला’ या शब्दांना द्यावा, कारण अनोळखी गिऱ्हाईक गटाला शोधत नसते, मसाला शोधत असते. दुसरा क्रमांक गटाच्या नावाला आणि तिसरा वजनाला. उरलेला मजकूर एका मापात, एका गठ्ठ्यात, पाठीमागे किंवा कडेला. जे अर्थाने जवळचे आहे ते कागदावरही जवळ असावे, आणि दोन गठ्ठ्यांमध्ये डोळ्यांना स्पष्ट जाणवेल एवढी रिकामी जागा असावी.

याचा उत्तम नमुना बहुधा आपल्या भिंतीवरच टांगलेला असेल. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले ‘कालनिर्णय’ घ्या आणि एका महिन्याचे पान तारीख पाहण्यासाठी न वापरता मांडणी पाहण्यासाठी वापरा. सात वारांची जाळी, लांबूनही दिसणारा तारखेचा आकडा, रविवार आणि सुट्ट्यांचा लाल रंग, आणि जवळ गेल्यावरच वाचता येणारा बारीक तपशील. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला आज किती तारीख आहे हे कळते, आणि चतुर्थी पाहण्यासाठी पुढे आलेल्या आजींनाही हवे ते सापडते. वाचणारा किती अंतरावर उभा आहे त्याप्रमाणे मजकुराचे थर लावणे, हेच आपल्याला लेबलावर करायचे आहे.

पहिला महिनाभर एकच सराव करावा. एक फॉन्ट, त्याची दोनच वजने (म्हणजे अक्षराच्या जाडीचे दोन प्रकार), काळा रंग आणि पांढरा कागद, एवढ्या सामग्रीत त्याच मजकुराची दहा वेगवेगळी लेबले करा. रंग, चौकट, वेलबुट्टी यांपैकी काहीही वापरू नका. प्रत्येक लेबल प्रत्यक्ष मापात छापून खऱ्या पाकिटावर चिकटवा, दुकानात ठेवतात तसे इतर पाकिटांमध्ये ठेवा आणि पाच-सहा पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. त्या अंधुक नजरेतही पदार्थाचे नाव वेगळे उठून दिसले, तर मांडणी बरोबर आहे. पडद्यावर मोठे करून पाहिलेले लेबल फसवते. हातात धरलेले फसवत नाही.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. फोटोशॉप हे मुख्यतः छायाचित्रांवर काम करण्याचे साधन आहे. त्यातील चित्र लहान-लहान ठिपक्यांचे बनलेले असते आणि मर्यादेपलीकडे मोठे केले की ते फाटते. कोरल, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप यांत आकार रेषांच्या गणिताने साठवले जातात, म्हणून तीच आकृती ५० ग्रॅमच्या पाकिटावर आणि दहा फुटी फलकावर सारखीच स्वच्छ येते. लेबलासाठी हाच दुसरा प्रकार हवा. इंकस्केप मोफत आहे, त्यामुळे सुरुवात त्याने करावी. छपाईवाल्याचा आग्रह कोरलचा असला तरी बहुतेक जण पीडीएफ स्वीकारतात, तेव्हा आधी विचारून घ्या. पदार्थाचे छायाचित्र वापरणार असाल तर व्हॉट्सॲपवरून लहान होऊन आलेले वापरू नका. छपाईसाठी साधारणपणे इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे १०८० ठिपके रुंदीचे छायाचित्र जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद छापता येते. मोबाइलमधील मूळ फाइलच मागून घ्यावी.

प्रश्न : महाविद्यालयाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ मी तयार केले. पडद्यावर पोपटी आणि भगवा रंग अतिशय तेजस्वी दिसत होते. छापून आल्यावर दोन्ही मळकट झाले, आणि एका बाजूला कडेला पांढरी पट्टीही राहिली. चूक छापखान्याची की माझी? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : रंगांबाबत बहुधा कोणाचीच नाही, माध्यमाची मर्यादा आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश डोळ्यांत सोडतो, तर कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो आणि ऑफसेट छपाईची निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई त्यातील काही भाग शोषून घेते. प्रकाशातून मिळणारे अनेक रंग या चार शायांच्या आवाक्यात येतच नाहीत, आणि झगझगीत पोपटी व भगवा त्यांतच मोडतात. म्हणून छापायचे काम पहिल्यापासून सीएमवायके, म्हणजे याच चार शायांच्या, रंगपद्धतीतच करावे, म्हणजे जे मिळणार नाही ते आधीच कळते. रंग पडद्यावर न निवडता छापील रंगतक्त्यावर बोट ठेवून निवडावा. बारीक काळा मजकूर मात्र केवळ काळ्या शाईत, शंभर टक्के ठेवावा. तो चारही शायांचा बनवला आणि त्यांच्या छपाईच्या प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षरांना रंगीत कडा येतात.

पांढऱ्या पट्टीचे कारण वेगळे आहे आणि ते टाळणे आपल्या हातात होते. छापलेले कागद गठ्ठ्याने कापले जातात आणि त्यात थोडा फरक पडतोच, म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंना ३ मिलिमीटर पानाबाहेर न्यावा. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचे असते, तर आपली रंगीत पार्श्वभूमी २१६ बाय ३०३ ची हवी. आणि महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावा.

प्रश्न : आमच्या शहरातील मराठी मंडळाचे त्रैमासिक मी हौसेने जुळवते. जुन्या अंकांतील मजकुराचा फॉन्ट बदलला की सगळी अक्षरे निरर्थक होतात. नवीन मजकुरात ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’ असे शब्द बिघडतात, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात आणि पान एकूणच गच्च दिसते. देवनागरीसाठी वेगळे काही शिकावे लागते का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : होय, आणि हा प्रश्न आपण विचारला याचा मला विशेष आनंद झाला, कारण प्राथमिक शिकवणीच्या बहुतेक चित्रफिती रोमन लिपी गृहीत धरून केलेल्या असतात आणि त्यांतील सल्ले देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराचे केवळ रूप इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे. आपल्याला ‘क’ दिसत होता, परंतु फाइलमध्ये एखादे रोमन अक्षरच साठवले जात होते. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठी ठरलेल्या एकाच संकेतपद्धतीत, ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो. जुना मजकूर रूपांतरकातून एकदा युनिकोडमध्ये आणावा आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. ‘वऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ हिंदीत लागत नसल्यामुळे काही फॉन्टांत तो नीट केलेला नसतो. म्हणून कोणताही फॉन्ट निवडण्यापूर्वी ‘तऱ्हा, दऱ्या, कर्तृत्व, ऑक्टोबर, ॲड, दृष्टी, सर्वांत’ एवढे शब्द त्यात लिहून पाहावेत. त्यात अडखळणारा फॉन्ट दिसायला कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे अनेक चांगल्या फॉन्टांत असतात, पण मजकुराची भाषा हिंदी ठेवली असेल तर ती समोर येत नाहीत, म्हणून भाषा मराठी निवडावी. राज्य शासनाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे मान्य केली आहेत. पाने जुळवण्यासाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असेल, तर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर’ निवडलेला आहे ना, ते पाहा.

पान गच्च दिसण्याचे कारण ओळींमधील अंतर हे असावे. आपल्या लिपीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार असतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला की वाचणाऱ्याची नजर अडखळते. अक्षर ११ पॉइंटचे असेल तर ओळीचे अंतर १६ ते १७ पॉइंट ठेवून पाहा. मथळा जागेत बसत नाही म्हणून अक्षरे आडवी दाबू नयेत. तसे केल्याने उभे दंड बारीक होतात, शिरोरेखा मात्र पहिल्याइतकीच जाड राहते आणि अक्षराचा तोल जातो. त्याऐवजी मूळचाच अरुंद फॉन्ट घ्यावा किंवा मथळ्यातील शब्द कमी करावेत. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची रोमन लिपीतील रीतही इथे चालत नाही, कारण शिरोरेखा तुटते. आपल्याकडे मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही. भर द्यायचा तो जाडी, आकार आणि मोकळ्या जागेने.

मोफत आणि भरवशाच्या फॉन्टांत मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ मी सर्वप्रथम सुचवीन. त्याची सात वजने असल्याने एकाच फॉन्टात संपूर्ण अंक नेटका लावता येतो. दीर्घ लेखांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ शोभेल. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी पडद्यावरील वाचनासाठी घडवला. छापील मासिकाच्या मजकुराला मात्र वर सांगितलेले दोन अधिक बरे.

याशिवाय एक बोरू किंवा कटनिब आणून रोज अर्धा तास अक्षरे गिरवावीत, असे मी आग्रहाने सांगेन. तिरप्या टोकाचा बोरू वळणावर आपोआप जाड-बारीक होतो, आणि ‘अ’ची गाठ कोठे पडते, ‘ह’ कोठे वळतो, हे हाताला एकदा कळले की फॉन्टातील दोषही डोळ्यांना दिसू लागतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके जुन्या वृत्तपत्रांत सापडली तर ट्रेसिंग कागद ठेवून गिरवून पाहा. नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणात कसा उतरतो, हे वाचून जितके समजते त्याहून गिरवून अधिक समजते.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, तिला याच क्षेत्रात पदवी घ्यायची आहे. आत्तापासून काय तयारी करावी? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत उपयोजित कलेचे (अप्लाइड आर्टचे) शिक्षण १९३५ पासून सुरू आहे, आणि त्यातील पदवी चार वर्षांची असते. आयआयटी मुंबईतील आयडीसी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली डिझाइन शिकवणारी संस्था. तिथल्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. त्या परीक्षेत रेखाटनाचा भाग असतो, म्हणून रोज पाच मिनिटांत एक वस्तू रेखाटण्याची सवय मुलीला लावावी. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा दिल्या नसतील तर त्यांची चौकशी करा. प्रवेशाचे नियम दरवर्षी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. तिने केलेली कामे तारखा घालून एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि पूर्ण झालेल्या भित्तिपत्रकाबरोबर त्यापूर्वीचे खोडलेले चार आराखडेही ठेवा. चांगला शिक्षक तिचा विचार कसा पुढे सरकला हे त्या खोडलेल्या कागदांवर पाहतो.