नाशिकच्या शेडमधल्या बटन मशरूमवर कडुनिंबाचा किंवा लसणाचा अर्क फवारला तर वाढ सुधारते का?

वाढीसाठी म्हणून फवारू नका. लसणातला अ‍ॅलिसिन पिकात शिरणारी हिरवी बुरशी दाबतो, पण मशरूमही बुरशीच आहे. मात्रा वाढली की मशरूमचे तंतूही थांबतात. द्राक्षबागेसाठी केलेला दशपर्णी अर्क (दहा वनस्पतींचा पाला शेण-गोमूत्रात कुजवून केलेला) तर खोलीत नेऊच नका. त्यातल्या शेण-गोमूत्रातून जिवाणू आणि अमोनिया येतो.

कडुनिंब त्यातल्या त्यात सौम्य. करायचंच असेल तर १०० ग्रॅम ताजा पाला १ लिटर पाण्यात वाटून, उकळून, थंड झाल्यावर दुहेरी फडक्यातून गाळा. चोथा राहिला तर नोझल तुंबतं आणि केसिंगवर (कंपोस्टवर पसरलेल्या मातीसारख्या थरावर) बुरशीला आयतं खाद्य मिळतं. त्यात तितकंच पाणी मिसळून आधी ५ पिशव्यांवर हलकं फवारा आणि शेजारच्या ५ पिशव्यांवर तेवढंच साधं पाणी. टाचणीएवढे कोंब किती दिवसांत आले आणि पहिल्या तोडणीचं वजन किती, एवढं लिहून ठेवा.

फवारणी केसिंगनंतर, कोंब दिसण्याआधीच. कोंबांवर ओल टिकली की टोपीवर पिवळट-तपकिरी चिकट डाग पडतात. तो जिवाणूजन्य रोग.

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये २५ च्या वर जातो. पीक रखडण्याचं कारण बहुधा तिथेच असतं. कोंब धरताना १४ ते १८ अंश तापमान, ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि भरपूर ताजी हवा लागते.