‘गोल्डफिंगर’वाला गाय हॅमिल्टन कोण होता आणि त्याचे कुठले सिनेमे बघावेत?
ब्रिटिश डायरेक्टर, जन्म पॅरिसचा, १९२२. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल नेव्हीत होता, रात्रीच्या अंधारात गनबोटीतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर हेर उतरवायचे आणि तिकडे अडकलेले पायलट परत आणायचे हे त्याच्या तुकडीचं काम, म्हणजे हेरगिरी त्याने जवळून बघितलेली आणि माझ्या मते ते त्याच्या सिनेमात दिसतंच. युद्धानंतर डायरेक्टर कॅरोल रीडचा असिस्टंट, रीडच्या ‘द थर्ड मॅन’ सिनेमाला पण तोच असिस्टंट.

१९६४ चा ‘गोल्डफिंगर’ म्हणजे जेम्स बॉन्डच्या सिनेमांचा साचाच, गॅजेटवाली अ‍ॅस्टन मार्टिन गाडी वगैरे. लेझरच्या सीनमध्ये बॉन्ड टेबलाला बांधलेला असतो ना, तिथे किरण नंतर टाकलाय पण धातू खरंच कापला जातोय, टेबलाखाली एक माणूस गॅस कटर घेऊन बसला होता! बॉन्ड झालेल्या शॉन कॉनरीचा घाम खरा वाटतो तो उगाच नाही.

नंतर १९७१ ते ७४ मध्ये अजून तीन बॉन्ड केले, ते मला तेवढे आवडत नाहीत.

वॉर फिल्म हवी असेल तर ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) बघाच, खरी विमानं उडवलीत त्यात. आणि मायकल केन हिरो असलेला हेरगिरीचा ‘फ्युनरल इन बर्लिन’ (१९६६) अजिबात सोडू नका, लोक उगाच विसरतात त्याला.