वाहनदुरुस्ती प्रश्नोत्तरे : जुन्या ओम्नीचे वायपर

प्रश्न : माझ्याकडे 2006 ची मारुती ओम्नी आहे, तिच्यातून शाळेची मुलं ने-आण करतो. जोराच्या पावसात वायपर इतके मंद होतात की एक फेरी पुरी व्हायच्या आत काच पुन्हा पाण्याने भरते. हेडलाइट लावले की आणखी मंद. गेल्या पावसाळ्यात नवी मोटर टाकली, पण दोन महिन्यांत परत तेच. पुन्हा मोटर बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आत्ताच बदलू नका. नव्या मोटरनेही तेच रडगाणं लावलं, म्हणजे दोष बहुधा मोटरच्या बाहेर आहे. एकतर तिला ओढायला जड जातंय, नाहीतर तिच्यापर्यंत विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) पोचत नाही. मोटर बसवताना मेस्त्री स्पिंडलवर (वायपर ज्यावर बसतो त्या फिरत्या खुंटीवर) तेल मारतात, म्हणून थोडे दिवस बरं वाटतं. पावसाने ते तेल धुतलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी जडपणा तपासा. काचेवर पाणी टाकून वेगवान टप्प्यावर फेऱ्या मोजा. मिनिटाला 45 पेक्षा कमी भरल्या तर वायपर नक्की मंद आहेत. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ही पायरी टाळू नका. लिंकमध्ये (मोटरची गती वायपरपर्यंत पोचवणाऱ्या सळ्यांत) हात असताना मोटर सुरू झाली तर बोट चिरडतं. मोटरच्या क्रँकवरचा (फिरत्या हातावरचा) लिंकचा सांधा मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उचकटून सोडवा आणि वायपरचा दांडा हाताने फिरवून बघा. तो एका बोटाने सहज फिरला पाहिजे. लिंक जोडलेली असताना मात्र दांडा ढकलायचा नाही. मोटरचा वर्म गिअर उलटा फिरत नाही, जोर लावलात तर आतल्या नायलॉन चाकाचे दात जातात.

कोकणात बहुतेक वेळा स्पिंडलच अडकलेलं सापडतं. लोखंडी स्पिंडल मिश्रधातूच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या नळीत) फिरतं. वरचं रबर फाटलं की पाणी आत उतरतं, हाउसिंग गंजून पांढरी पूड धरते आणि स्पिंडलला आवळते. नुसता गंजनाशक स्प्रे मारलात तर उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जाईल आणि पंधरवड्यात स्पिंडल जास्तच अडकेल. ते उघडावंच लागतं.

वायपरचे दांडे काढण्याआधी काचेवर वायपरच्या पट्ट्यांच्या जागी चिकटपट्टी लावून खूण करा. नट सोडवून दांडा डावी-उजवीकडे हलवत वर काढा. स्पिंडलवरची सर्क्लिप (अडकवणारी कडी) आणि वॉशर काढा. मग नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईल इतका परत लावा आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोका. उघड्या आट्यांवर हातोडी बसली तर नट पुन्हा चढणार नाही. स्पिंडल निघालं की 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा, हाउसिंगचं भोक रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या. लिथियम ग्रीस भरून नवीन रबर रिंग घाला. लिंकचे नायलॉन बुश ढिले झाले असतील तर तेही याच वेळी बदला, नाहीतर पट्ट्या काचेच्या कडेला आपटतील.

आता वीज. हेडलाइट लावल्यावर मंदावणं ही इथली मोठी खूण आहे. इंजिन चालू, हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा. 13.5 व्होल्टपेक्षा बरंच कमी असेल तर आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि त्याचा पट्टा बघा. बॅटरी ठीक असेल तर काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन मोटरच्या अर्थवर (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या तारेवर) ठेवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब आहे. ज्या पत्र्यावर अर्थची तार बसते तो चकचकीत घासून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या चालू वेगाच्या तारेपर्यंत असंच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त उतार असेल तर फ्यूजच्या पकडी, जोडण्या आणि कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा वायपरचा स्विच) क्रमाने तपासा. जुन्या गाडीत स्विचचे पॉइंट जळून काळे पडलेले असतात. फ्यूज मात्र झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच घाला. तो वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज हा त्यावरचा उपाय नव्हे, तारा जळतील.

एवढं करूनही लिंक सोडवलेली मोटर मंदच फिरली, तरच मोटर उघडा. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे) झिजलेले असतात.

प्रश्न : स्विच बंद केला की वायपर काचेच्या मध्येच थांबतात. स्विच बदलून पाहिला, फरक नाही.
– एक वाचक, कराड

उत्तर : मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली पार्किंगची पत्री असते. तुम्ही स्विच बंद करता तेव्हा पट्ट्या खाली येईपर्यंत मोटरला वीज याच पत्रीतून मिळते. खाली आल्यावर हीच पत्री मोटरची तार अर्थला जोडते आणि मोटर जागच्या जागी थांबते. त्यामुळे लक्षणावरून दोष ओळखता येतो. बंद करताक्षणी मध्येच थांबत असतील तर पत्रीला वीज येत नाही किंवा ती काळवंडली आहे. खालची जागा ओलांडून पुढे जात असतील तर पत्रीचा अर्थ तुटला आहे.

किल्ली चालू, वायपर बंद ठेवून मोटरच्या जोडणीत टेस्ट लॅम्प लावा. एका तारेला कायम 12 व्होल्ट हवेत. ते नसतील तर दोष तारेत. असतील तर झाकण उघडा, वाळलेलं ग्रीस पुसा, पत्री 600 च्या पेपरने हलकी घासा आणि तिची जीभ केसभर वर वाकवा. नवं ग्रीस दातांवरच लावा, पत्रीवर नको. झाकण बसवताना कडेला पातळ सिलिकॉन लावलंत तर पाणी आत शिरणार नाही. दांडे परत बसवण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करा. ती पार्किंगला थांबली की मगच दांडे खुणेवर बसवा.

प्रश्न : नवे ब्लेड टाकले तरी एका बाजूला जाताना पट्टी थडथडते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : एकाच दिशेला थडथडत असेल तर दांडा पिळलेला आहे. पट्टी काचेच्या मध्यावर असताना किल्ली बंद करा आणि बाजूने बघा. रबर काचेला काटकोनात उभं दिसलं पाहिजे. नसेल तर ब्लेड काढा, दांड्याच्या टोकाला कापड गुंडाळा आणि दोन पकडींनी थोडा थोडा पीळ द्या. दोन्ही दिशांना थडथडत असेल तर काचेवर मेणाचा किंवा डॅशबोर्ड पॉलिशचा थर असतो. तो भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवा. स्प्रिंगचा दाबही मोजता येतो. ब्लेडच्या लांबीला सेंटिमीटरमागे साधारण 15 ग्रॅम, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या पट्टीला ताणकाट्यावर 600 ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. बरेच कमी भरले तर दांड्याच्या बिजागरीला तेल द्या. तरीही दाब वाढला नाही तर दांडा बदला.