एमडी पेडिॲट्रिक्स करताना प्रायमरी केअरचं ट्रेनिंग कुठं मिळेल?

तुम्ही विचारलंय की एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढं तालुक्याला ओपीडी टाकायची आहे, पण वॉर्डात दिवसरात्र एनआयसीयूच (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) चालतं, मग साधा खोकला-जुलाब शिकायचा कुठं. प्रश्न अगदी बरोबर आहे. मी डीसीएच (बालरोगाचा डिप्लोमा) करून 14 वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात लहान मुलांचीच प्रॅक्टिस करतोय, माझंही हेच झालं होतं.

प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी राधानगरीकडची एक आई 8 महिन्यांचं पोरगं घेऊन आली, म्हणाली नुसता खोकलाय, दूध पितोय की. मी स्टेथो लावला, छाती क्लिअर वाटली, सिरप लिहायला घेतलं, तेवढ्यात आमच्या जुन्या सिस्टरनी झबलं वर केलं आणि म्हणाल्या, "सर, पोट उडतंय बघा." मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजले तर 62. वर्षाच्या आतल्या बाळाला 50 किंवा जास्त झाले की न्यूमोनिया धरायचा, वर्षानंतर 5 वर्षांपर्यंत 40, आणि 2 महिन्यांखाली 60. लगेच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवलं, पोरगं बरं होऊन आलं. व्हेंटिलेटरची सेटिंग्ज मला पाठ होती, पण झबलं वर करून मिनिटभर थांबायचं हे रेसिडेन्सीत कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

हे सगळं आयएमएनसीआयमध्ये आहे, नवजात आणि लहान मुलांचे नेहमीचे आजार ओळखून उपचार करायचं सरकारी ट्रेनिंग असतं, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्र) डॉक्टरांसाठी आहे म्हणून आपली मंडळी नाक मुरडतात, तुम्ही मागून घ्या. नवजात बाळासाठी एनएसएसके हे 2 दिवसांचं सरकारी ट्रेनिंग आणि आयएपीचं (बालरोगतज्ज्ञांची संघटना) एनआरपी, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरायचं ट्रेनिंग, दोन्ही करा. डीएनबी फॅमिली मेडिसिनचं पण कुणीतरी सुचवेल, पण तो एमबीबीएसनंतरचा 3 वर्षांचा वेगळा कोर्स आहे, तुम्हाला आता त्याची गरज नाही.

खरी संधी म्हणजे डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. तिसऱ्या, चौथ्या नाहीतर पाचव्या सेमिस्टरला 3 महिने जिल्हा रुग्णालयाच्या यंत्रणेत काढावेच लागतात आणि बरीच पोरं ते थिसिस आणि अभ्यासात घालवतात, फार वाईट वाटतं बघून. तुम्ही आधीच सरांना भेटून सांगा की ग्रामीण रुग्णालय, पीएचसी, आरबीएसकेची (अंगणवाडी-शाळेत जाऊन मुलं तपासणारं सरकारी पथक) गाडी असं फिरायचंय. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंच्या शेजारी बसा, दीड-अडीच-साडेतीन महिन्यांची लस का चुकते, आजी बाळगुटी कधी सुरू करते, ते तिथंच कळतं. जमलं तर दिवाळीनंतरचे महिने मागा. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात, फडावर, कोप्यांमध्ये (त्यांच्या झोपड्या) लहान लेकरं असतात, कुणाचं लसीचं कार्ड गावाकडंच राहिलेलं, कुणाचं वजन महिनोन् महिने झालेलं नाही.

आणि ओआरएस प्रत्येक आईकडून समोर कालवून घ्या. मोठं पाकीट 1 लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं, आणि मोठं पाकीट एका पेल्यात ओतलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पाणी किती ते तिच्याच घरातल्या तांब्यावर ठरवून द्या.

सेकंदकाट्याचं घड्याळ मात्र आजच घ्या, मोबाईलवर श्वास मोजताना मधेच फोन येतो.