वाचक विचारतात: ५० चा बँड नक्की कुणाचा?

प्रश्न: नमस्कार, माझी दोन प्रोटीनं आहेत, क आणि ख म्हणू. क ची सशाची अँटिबॉडी वापरून को-आयपी केली (अँटिबॉडीने क ला ओढायचं आणि सोबत कोण येतं ते बघायचं) आणि ख साठी वेस्टर्न ब्लॉट लावला (जेलवर प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने शोधायचं), ती अँटिबॉडी पण सशाचीच. ख चं वजन ५२ किलोडाल्टन, आणि ५० च्या आसपास चांगला जाडजूड बँड आलाय. पण आयजीजी कंट्रोलच्या (क ला न धरणारी साधी अँटिबॉडी वापरलेल्या) लेनमध्येही तसाच बँड दिसतोय. म्हणजे ख सगळ्यालाच चिकटतो का?
– पीएचडी करणारी एक वाचक

उत्तर: ख वर एवढ्यात आळ घेऊ नका, तो बँड बहुतेक त्याचा नाहीच. बीड्स (अँटिबॉडी ज्यांना चिकटलेली असते ते बारीक मणी) सॅम्पल बफरमध्ये उकळले की क आणि त्याचे सोबती सुटतात तशी अँटिबॉडीपण सुटते, बफरमधल्या डीटीटी या रसायनामुळे तिचे तुकडे होतात, हेवी चेन ५० ला आणि लाइट चेन २५ ला जाऊन बसते, आणि तुमची सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) सशाच्या अँटिबॉडीसाठीच बनवलेली असल्यामुळे ती हे तुकडेही इमानदारीत दाखवते. कंट्रोल आयजीजीपण सशाचीच, मग तिथे तोच बँड येणारच ना. नशीब तुम्ही कंट्रोल नुसत्या बीड्सचा ठेवला नाहीत, त्यात अँटिबॉडीच नसते, हा बँड आलाच नसता आणि तुम्ही ख सापडला म्हणून खूश होऊन बसला असता.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आयपी म्हणजे ओढण्याचं काम सशाच्या अँटिबॉडीने करा आणि ब्लॉट उंदराच्या, फक्त सेकंडरी दुसऱ्या प्राण्याच्या आयजीजीला न धरणारी, क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड बघून घ्या. ख ची उंदराची अँटिबॉडी मिळत नसेल तर फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरी मिळते, ती वापरली की गोंधळ २५ ला होईल आणि ५० ची जागा मोकळी राहील. अँटिबॉडी बीड्सना केमिकलने कायमची जोडून टाकता येते, पण त्यात तिची पकड कधीकधी कमी होते, म्हणून मी तो पर्याय शेवटी ठेवेन. आणि इनपुटची (आयपीआधीच्या पूर्ण नमुन्याची) लेन प्रत्येक जेलवर हवीच, ख नक्की कुठे धावतो हे तिथेच कळतं.

प्रश्न: पेशी फोडायला रिपा बफर वापरतो, क छान खाली येतो पण ख चा पत्ताच नाही. इनपुटमध्ये मात्र दिसतो.

उत्तर: रिपा बदला. त्यात एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट ही कडक डिटर्जंट्स असतात, साध्या वेस्टर्नला ती मस्त, पण नाजूक जोड्या त्यात तुटतात. ०.५ ते १ टक्का एनपी-४० किंवा ट्रायटन ही सौम्य डिटर्जंट्स, १५० मिलिमोलर मीठ, सगळं ४ अंशांवर, प्रोटिएज इनहिबिटर ऐनवेळी टाकायचा. तरीही नाही आला तर अँटिबॉडीवर शंका घ्या, ती क ला जिथे पकडते तिथेच ख बसत असेल तर तुम्ही फक्त मोकळा असलेला क उपसताय. मग क च्या दुसऱ्या भागाला धरणारी अँटिबॉडी घ्या, नाहीतर क ला टॅग (अँटिबॉडीला धरता येईल असा छोटा तुकडा) लावा.

प्रश्न: दोन्ही बाजूंनी को-आयपी जमली, क ओढला की ख येतो आणि ख ओढला की क. आता पेपरमध्ये 'थेट जोडणी' लिहू का?

उत्तर: नको. दोन्ही बाजूंनी जमणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातून एवढंच कळतं की लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) दोघं एकाच गटात होते, मध्ये तिसरं प्रोटीन असू शकतं, आणि ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारी प्रोटीनं) असतील तर दोघं डीएनएच्या एकाच तुकड्यावर नुसते शेजारी बसलेले असू शकतात, ते तपासायला डीएनए तोडणारं बेंझोनेज टाकून बघा. म्हणजे को-आयपी कमी दर्जाची असं नाही हं, १९७९ मध्ये एसव्ही४० विषाणूचा लार्ज टी अँटिजेन खाली ओढताना सोबत सुमारे ५३ किलोडाल्टनचं प्रोटीन येतंय हे दिसलं, तेच पुढे पी५३ म्हणून गाजलं.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात: पेशी फोडल्यावर केंद्रकातलं आणि मायटोकॉन्ड्रियातलं सगळं एकाच नळीत येतं आणि जिवंत पेशीत कधी न भेटणारी प्रोटीनं तिथे भेटतात, त्यात तुम्ही टॅग लावून भरमसाट बनवली असतील तर विचारूच नका. त्यासाठी टॅगवाला क एका प्लेटमध्ये, टॅगवाला ख दुसऱ्या प्लेटमध्ये बनवा, दोन्ही वेगवेगळ्या फोडा, मग लायसेट एकत्र करून आयपी करा. तरीही तेवढाच बँड आला तर तुमची जोडी फोडल्यानंतर जुळलेली असू शकते. आणि 'थेट' हा शब्द लिहायचाच असेल तर दोन्ही प्रोटीनं शुद्ध करून पुल-डाउन करा (एकाने दुसरं ओढून बघा), तोपर्यंत पेपरात 'एकाच कॉम्प्लेक्समध्ये आढळतात' लिहा, त्यावर रिव्ह्यूअर सहसा वाद घालत नाहीत.