माळ्यावर सापडलेल्या बाबांच्या रॉक एलपी पुन्हा कशा वाजवायच्या?

प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या घरी माळ्यावर बाबांच्या सत्तरच्या दशकातल्या रॉक एलपी निघाल्या, बुरशी लागली आहे. त्यांची आवडती गाणी त्यांना पुन्हा ऐकवायची आहेत आणि फोनवरही घ्यायची आहेत.

लगेच लावून बघू नका. खाचेत घाण असताना सुई फिरली की ती घाण खाचेच्या भिंतींवर घासली जाते, आणि ती खरखर मग धुऊनही जात नाही. मुंबईच्या पावसाळ्यात पांढरे ठिपके यायचेच. बहुतेक वेळा ते वरवरचे असतात.

धुण्यासाठी मिश्रण असं: ४ भाग डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते), १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अर्ध्या लिटरला भांड्यांच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. अल्कोहोल लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन खाचेत राहतं. मायक्रोफायबरचं कापड खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं कधीच नाही, आणि लेबल कोरडं ठेवा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून उभी करून पूर्ण वाळू द्या. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे सोडतं. गठ्ठ्यात आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील, तर त्यांना अल्कोहोल लावूच नका. त्यातली लाख विरघळते.

प्लेअरबाबत माझं मत स्पष्ट आहे: सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांच्यात सुईचा भार बऱ्याचदा ५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमी करता येत नाही. साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (ज्या डबीत सुई बसते तिला) २ ग्रॅमच्या आसपास पुरतो. कार्ट्रिजसोबतच्या कागदावरचा आकडा पाळा. भार फार कमी ठेवला तर सुई खाचेत उड्या मारते, तेही वाईटच. अमेरिकेहून कुणी जुना बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्यानं फिरणारा प्लेअर) आणून दिला, तर आधी मोटर बघा. तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर चालणारी एसी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मंद फिरते आणि गायकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. सतत ‘हूं’ ऐकू आला, तर बहुधा अर्थची वायर जोडायची राहिलेली असते.

आता ज्याला लोक हमखास बिघाड समजतात ते. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) एलपीच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे, म्हणजे त्यातला सगळ्यात दणकेबाज भाग लेबलला चिकटून येतो. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते, लेबलपाशी निम्म्याहूनही कमी. त्यामुळे शेवटी आवाज थोडा फाटणारच. तो फारच फाटत असेल तर कार्ट्रिजचा कोन तपासा. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या गाण्याच्या सुरुवातीची गिटार मात्र मुद्दामच रेडिओवर लागल्यासारखी बारीक ठेवली आहे, त्यासाठी सुई बदलू नका!

फोनवर घ्यायला फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) आणि यूएसबी साउंड कार्ड लागेल, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी पुरेसं आहे. २४ बिट ठेवा, सगळ्यात मोठा आवाज −६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, पूर्ण बाजू एका दमात रेकॉर्ड करा आणि गाणी नंतर कापा. मूळ फाइल जपून ठेवा. नॉइज रिडक्शन जास्त लावलंत तर झांजांची चमक जाते, म्हणून टिकटिक एकेक करून काढा. तीही बाबांना विचारूनच: एखाद्या ठरावीक ओळीवर पडणारी टिक त्यांना गाण्याइतकीच पाठ असते.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घालू नका, बुरशी तिथेच बसलेली असते. नवी आतली पाकिटं घ्या, रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि माळ्यावर तर अजिबात नको.